महात्मा जोतीराव फुले

जोतीराव गोविंदराव फुले (११ एप्रिल १८२७ – २८ नोव्हेंबर १८९०) हे महाराष्ट्रातील समाजसुधारक, लेखक व शिक्षणप्रसारक होते. मुलींच्या शाळांचे संस्थापक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. गावच्या शाळेतील शिक्षक कसा असावा आणि त्याचे काम सरकारने कसे तपासावे, याविषयीचा त्यांचा आग्रह मात्र चरित्रांतून थोडक्यात आटोपला जातो.

शाळा व शिक्षक

१८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. स्त्री-शिक्षिका मिळणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. जोतीरावांनी पत्नी सावित्रीबाई यांना स्वतः शिकवले. सावित्रीबाईंनी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षणही घेतले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. त्यामुळे त्यांची लेखणी मवाळ झाली नाही. विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर त्यांनी रचलेला पोवाडा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हंटर आयोगापुढील निवेदन

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक अप्रशिक्षित असून त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो, हे त्यांनी दाखवून दिले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, अध्यापनशाळेत नेहमीच्या विषयांबरोबर शेती व आरोग्यरक्षणाची मूलतत्त्वे शिकवावीत, किमान पगार बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, अशा सूचना त्यांनी केल्या. अप्रशिक्षितांच्या जागी प्रशिक्षित नेमावेत. परंतु ज्यांची योग्यता सिद्ध झाली आहे त्यांना हलवू नये, ही सवलतही त्यांनी ठेवली. ती त्यांच्या न्यायबुद्धीला साजेशी आहे.

तपासणीबाबत ते अधिक कठोर होते. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन जाण्याचा उपयोग नाही. तपासणी तिमाही व्हावी, शिवाय अधूनमधून न कळवताही व्हावी, असे त्यांनी सुचवले. महसुली व गावकामगार अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी टाकण्यास त्यांचा विरोध होता, कारण इतर कामांमुळे त्यांची पाहणी वरवरची होते. ज्यांनी शाळाखात्याच्या तपासण्या अनुभवल्या आहेत, त्यांना यातील नेमकेपणा लगेच जाणवेल.

बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी आयोगाने मान्य केली नाही.

अखेरची वर्षे

'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केला. ११ मे १८८८ रोजी मुंबईत त्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. तरीही डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' लिहिले. ते १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले.