शाईच्या डागांचा अभ्यासक : हर्मान रोर्शाक

शाईचे काही थेंब कागदावर टाकून कागद मधोमध दुमडला आणि पुन्हा उघडला, की घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच ठसा उमटलेला दिसतो. त्याला ठरलेला असा अर्थ नसतो. कोणाला त्यात वटवाघूळ दिसते, तर कोणाला नाचणारी माणसे. मुलांच्या या खेळाला मानसशास्त्रीय चाचणीचे रूप देणारे स्विस मनोविकारतज्ज्ञ हर्मान रोर्शाक यांना आयुष्य मात्र अवघे ३७ वर्षांचे लाभले.

८ नोव्हेंबर १८८४ रोजी झुरिक येथे त्यांचा जन्म झाला. वडील शाफहाउझन येथे चित्रकलेचे शिक्षक होते. विद्यार्थिदशेत मित्रांनी रोर्शाक यांना 'क्लेक्स', म्हणजे शाईचा डाग, असे टोपणनाव दिले होते. वयाच्या बाराव्या वर्षी आई आणि अठराव्या वर्षी वडील गेले. चित्रकला की विज्ञान, या द्विधेतून त्यांनी वैद्यकाची वाट धरली आणि झुरिकमध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांच्यासारखे गुरू त्यांना मिळाले. १९१० मध्ये ओल्गा श्टेंपेलिन या रशियन डॉक्टरशी ते विवाहबद्ध झाले. पाहिलेल्या गोष्टीची संवेदना शरीरात कशी उमटते, हा त्यांच्या १९१२ च्या प्रबंधाचा विषय होता. पुढील कार्याचे बीज बहुधा तेथेच असावे.

१९१५ पासून ते हेरिझाऊच्या मनोरुग्णालयात होते. शाईच्या डागांचा उपयोग त्यांच्या आधीही झाला होता. शिमॉन हेन्स यांनी १९१७ मध्ये आठ डाग वापरून लोकांच्या कल्पनाशक्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु हेन्स यांचा भर काय दिसले यावर होता, तर रोर्शाक यांचा कसे दिसले यावर. पाहणाऱ्याने संपूर्ण आकृती घेतली की एखादा कोपरा? स्थिर आकृतीत त्याला हालचाल जाणवली काय? हालचालीच्या उत्तरांचा संबंध त्यांनी अंतर्मुखतेशी, तर रंगाच्या उत्तरांचा भावनांशी जोडला. काळ्या आकृत्यांवर सहज बोलणारे काहीजण रंगीत आकृती समोर येताच अडखळत, हे त्यांच्यातील चित्रकाराने अचूक टिपले. आकृत्याही त्यांनी चित्रकाराच्या हातानेच घडवल्या होत्या. आपोआप पडलेले ते डाग नव्हेत. ४०५ व्यक्तींच्या उत्तरांवर त्यांचा ग्रंथ उभा राहिला.

प्रकाशक मिळणे कठीण गेले. अखेर १९२१ मध्ये 'सायकोडायग्नोस्टिक' हा ग्रंथ निघाला. दहाच आकृत्या घेतल्या गेल्या आणि त्याही लहान करून. छपाईत काळा रंग एकसारखा न उतरता गडद-फिकट छटा उमटल्या. दुसरा एखादा संशोधक निराश झाला असता. रोर्शाक यांना त्या छटांत नवी शक्यता दिसली. फेब्रुवारी १९२२ मधील व्याख्यानात त्यांनी स्वतः कधीही न पाहिलेल्या एका रुग्णाच्या उत्तरांचे विवेचन केले. छटांना मिळणारी उत्तरे उदास किंवा सावध मनःस्थिती सुचवतात, हा विचार त्यांनी त्या वेळी मांडला. तो पुढे नेण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. अपेंडिक्सच्या विकारातून पोटात जंतुसंसर्ग पसरला आणि २ एप्रिल १९२२ रोजी हेरिझाऊ येथे त्यांचे निधन झाले. ते व्याख्यान १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रंथाच्या प्रती तेव्हा फारशा खपल्या नव्हत्या आणि प्रकाशकाचेही दिवाळे निघाले. १९२७ मध्ये हान्स हुबर यांनी तो आपल्याकडे घेतला. नंतर अमेरिकेत ही चाचणी इतकी रुजली, की तिला मनाचा एक्स-रे मानले जाऊ लागले. न्यूरेंबर्ग येथील नाझी कैद्यांनाही या आकृत्या दाखवण्यात आल्या. रोर्शाक स्वतः मात्र तिला आकलनाचा प्रयोग म्हणत आणि तिचा सैद्धांतिक पाया अपुरा असल्याचे मान्य करीत. त्यांच्या पश्चात उत्तरे तपासण्याच्या इतक्या पद्धती निघाल्या, की जॉन एक्सनर यांना १९७४ मध्ये त्यांचा मेळ घालावा लागला. तरीही चाचणीच्या विश्वासार्हतेबद्दलचा वाद शमला नाही. दहा आकृत्या मात्र, छापखान्यात उमटलेल्या छटांसह, आजही त्याच आहेत.