सोबत्याची पथारी

ज्युबिलीच्या स्मरणिकेत आपल्या संतांची चरित्रे यावीत असा परिपाठ आहे. आज आम्ही सादर करीत आहोत ते चरित्र मात्र ख्रिस्ती पुरुषाचे नव्हे. ते आपल्याच वऱ्हाडातील गाडगे महाराजांचे होय.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. पित्यास दारूने नेले. मातेने मुलास दापुरे येथे आपल्या माहेरी वाढविले. 1905 साली त्यांनी घर सोडले. मागे पत्नी व मुलेबाळे होती. त्यांचे भक्त या गोष्टीवरून झटकन पुढे जातात. आम्हांस तसे करवत नाही. त्यांच्या त्यागाची किंमत त्या माउलीनेही मोजली.

हाती खराटा, जवळ फुटके गाडगे, अंगावर चिंध्या. दिवसा गाव झाडावा, रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम. लोकांनी दिलेल्या पैशातून ऋणमोचनास घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. त्या यात्रेकरूंसाठी होत्या. परंतु 1954 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी जी धर्मशाळा उभी केली, ती आजाऱ्यांच्या नातलगांसाठी.

हा विचार त्यांस सुचला याचे आम्हांस मोठे अगत्य वाटते. रुग्णालयात आजाऱ्यास खाट मिळते. त्याच्या सोबतीस आलेल्यास काय मिळते? सोनाळ्याचा मनुष्य दुखणाइतास घेऊन शेगावास गाडी धरतो, मुंबईस उतरतो, आणि रात्र पडली म्हणजे पदपथावर पथारी पसरतो. दुखणे लांबले तर महिनेच्या महिने. वेदना एकाच्या देहात असते, परंतु निद्रा दोघांची जाते. उघड्यावर निजण्याची सवय असलेल्या या फकिराने हे ओळखले असावे.

येथे आम्हांस आमची एक चूक सांगणे भाग आहे. कित्येक वर्षे अंथरुणास खिळलेल्या एका वृद्धाकडे आम्ही दरमहा पवित्र कम्युनियन घेऊन जात असू. प्रार्थना करावी, आशीर्वाद द्यावा, निघावे. उशाशी बसलेली त्याची सून कधी निजते, जेवते काय, हे आम्ही विचारले नाही. एके दिवशी तीच भोवळ येऊन पडली, तेव्हा तिच्याकडे आमचे लक्ष गेले. मग शेजारच्या दोन बाया आळीपाळीने रात्री बसू लागल्या. वृद्धाचे दुखणे काही हटले नाही. सुनेस मात्र झोप मिळाली.

पुढे दादर येथेही महाराजांच्या नावाने धर्मशाळा झाली. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे आजारी आणि त्यांचे सोबती तेथे उतरतात.

स्वतः महाराजांस 20 डिसेंबर 1956 रोजी मृत्यू आला तो अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीपाशी.