ज्यांचं नाव आगी शोधणाऱ्या उपग्रहाला मिळालं, ते व्हर्नर सुओमी कोण होते?

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक नकाशा तुमच्या टाइमलाइनवर हमखास येतो. पंजाब-हरियाणावर लाल ठिपक्यांची गर्दी आणि खाली दिल्लीच्या दिशेने सरकणारा करडा धूर. यातले बरेच ठिपके 'सुओमी एनपीपी' नावाच्या अमेरिकन उपग्रहाने टिपलेले असतात.

सुओमी हे एका माणसाचं आडनाव आहे. फिनिश भाषेत फिनलंडलाच 'सुओमी' म्हणतात, म्हणजे आपल्याकडे कुणाचं आडनाव 'भारत' असावं तसं.

व्हर्नर सुओमी यांचा जन्म १९१५ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एव्हेलेथ या लोखंडाच्या खाणींच्या गावातला. आईवडील फिनलंडहून आलेले. शिक्षण घेऊन सुओमी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवू लागले. दुसरं महायुद्ध आलं, लष्कराला हवामान कळणारी माणसं हवी होती आणि हे मास्तर शिकागो विद्यापीठात हवामानशास्त्राकडे वळले. १९४८ मध्ये ते मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखल झाले आणि तिथलेच झाले.

त्यांच्या पीएचडीचा विषय होता मक्याचं शेत. शेतात उन्हातून किती उष्णता येते आणि किती परत जाते, याचा जमाखर्च त्यांनी मांडला. मग पुढचा प्रश्न आला: हाच हिशोब अख्ख्या पृथ्वीचा मांडता येईल का? त्यासाठी उपकरण अवकाशात न्यावं लागणार होतं. इंजिनिअर रॉबर्ट पॅरेंट यांच्यासोबत त्यांनी ते बनवलं. जुलै १९५९ मध्ये ते घेऊन निघालेलं रॉकेट काही सेकंदांतच भरकटलं आणि नष्ट करावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'एक्सप्लोरर ७' मात्र नीट पोहोचला.

गिरकीतून फोटो

पण सुओमींचं सगळ्यात मोठं काम यानंतरचं आहे.

त्या काळचे हवामान उपग्रह पृथ्वीजवळून घिरट्या घालायचे. एका जागेवरून गेले की बऱ्याच तासांनी परत यायचे. मधल्या वेळेत वादळ कुठे वळलं, धूळ कुठे गेली, कळायला मार्ग नाही. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे तो एकाच भागावर डोळा ठेवू शकतो. अडचण अशी की, स्थिर राहण्यासाठी तो भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत असे, मिनिटाला सुमारे १०० वेळा. गरगरत्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा कसा?

सुओमींनी त्या गिरकीलाच कामाला लावलं. प्रत्येक फेरीत कॅमेऱ्याने पृथ्वीची एक बारीक आडवी पट्टी टिपायची, मग दुर्बीण किंचित कलवायची, पुढच्या फेरीत पुढची पट्टी. अशा साधारण २,००० पट्ट्या जोडल्या की २० मिनिटांत पृथ्वीचा पूर्ण चेहरा तयार. डिसेंबर १९६६ मध्ये 'एटीएस-१' वर हा कॅमेरा गेला आणि चालला. असे फोटो एकामागोमाग लावले की ढग चालताना दिसायचे. आज टीव्हीवर चक्रीवादळाचा जो फिरता नकाशा दिसतो, त्याचा हा मूळपुरुष.

धूर आणि धुळीसाठी हे फार मोलाचं ठरलं. एकाच फोटोत धूळ आहे की पातळ ढग, सांगणं अवघड असतं. ओळीने फोटो पाहिले की ती सहारातून निघाली आणि अटलांटिकवर चालली, हे उघड दिसतं. पुढे इन्फ्रारेडची मदत आली. आगीची जागा त्यात तापून उठून दिसते, आणि जवळजवळच्या दोन तरंगलांबींमध्ये धूळ ढगापेक्षा वेगळी वागते.

सुओमी १९९५ मध्ये गेले. २०११ मध्ये सोडलेल्या उपग्रहाला जानेवारी २०१२ मध्ये नासाने त्यांचं नाव दिलं. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांचा धूर पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला, २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांनी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. दोन्ही वेळा या उपग्रहाने माग काढला.

गंमत म्हणजे, हा उपग्रह सुओमींच्या त्या 'एकाच जागी डोळा' पद्धतीचा नाही. तो घिरट्या घालणारा आहे. एखाद्या ठिकाणावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास.

आणि इथेच पंजाबची गोष्ट अडते. सरकारी आकड्यांत शेतातल्या आगी कमी होत होत्या, दिल्लीची हवा मात्र तशी सुधारत नव्हती. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दक्षिण कोरियाच्या एका भूस्थिर उपग्रहाचे फोटो तपासले. हा उपग्रह दर १० मिनिटांनी फोटो काढतो. त्यात दिसलं की दुपारचे उपग्रह निघून गेल्यानंतर, संध्याकाळकडे, धूर दाट होत होता. सुओमींच्या नावाच्या उपग्रहाच्या नजरेतून जे सुटत होतं, ते त्यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीने पकडलं.