अखंड विद्यार्थी : आचार्यसम्राट पूज्य श्री आनंदऋषीजी महाराज

पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी (शिराळ) या लहानशा गावी श्रावण शुद्ध प्रतिपदेस, दि. २७ जुलै १९०० रोजी, गुगळे कुळात नेमिचंद या बालकाचा जन्म झाला. मातोश्री हुलासाबाईंच्या धर्मसंस्कारांत तो वाढला. नगर जिल्ह्यातील ओसवाल घरांत त्या काळी घरी मारवाडी आणि गावात मराठी बोलली जाई. दोन भाषांचे हे बाळकडू पुढे किती फळले हे आपण जाणतोच. मार्गशीर्ष शुद्ध नवमी, दि. ७ डिसेंबर १९१३ रोजी मिरी येथे पूज्य श्री रत्नऋषीजी महाराजांच्या चरणी नेमिचंदाने भागवती दीक्षा घेतली आणि तेराव्या वर्षी तो मुनी आनंदऋषी झाला.

दीक्षा घेतली, वेष बदलला, मंगलपाठ मुखोद्गत झाला, की शिक्षण संपले अशी समजूत त्या काळी अगदीच दुर्मीळ नव्हती. स्थानकवासी परंपरेने मानलेली बत्तीस आगमे अर्धमागधीत. त्यांवरील प्राचीन टीका मात्र संस्कृतात. पुष्कळ साधुसाध्वी लोकभाषेतील टब्ब्यांच्या आधारे आगमांचा अर्थ लावीत. संस्कृत व्याकरण आणि न्यायशास्त्र यांत मुनींनी वेळ घालवावा काय, अशी शंका घेणारे श्रावकही होते. रत्नऋषीजींनी ही शंका मनावर घेतली नाही. त्यांनी शिष्याला पंडित राजधारी त्रिपाठी यांच्याकडे अध्ययनास बसविले. जैन मुनीने ब्राह्मण पंडितासमोर विद्यार्थी म्हणून बसावे, यात गुरूची दृष्टी जितकी मोठी, तितकीच शिष्याची नम्रताही.

मुनिजीवनातील अध्ययन हे आपल्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षणासारखे नसते. आठ महिने पायी विहार. स्थिर असे चारच महिने, तेही व्याख्याने आणि दर्शनार्थींच्या वर्दळीचे. ग्रंथ तेवढेच जवळ, जेवढे स्वतःच्या खांद्यावर वाहता येतील. सूर्यास्तानंतर दिवा नाही, म्हणजे वाचनही नाही. दिवसा वाचलेले रात्री अंधारात मनोमन फिरवायचे, पुन्हा पुन्हा आळवायचे आणि कंठस्थ करायचे. या क्रमात कंटाळा येणाऱ्याचा निभाव लागत नाही. ज्याला शिकण्यातच आनंद आहे तोच टिकतो. या मुनींनी आपले नाव असे सार्थ केले. १९२० मध्ये अहमदनगर येथे (आजच्या अहिल्यानगरात) त्यांचे पहिले प्रवचन झाले. पुढे विहाराचे क्षेत्र वाढत गेले, तसतशा भाषाही वाढल्या. मराठी, हिंदी, गुजराती, राजस्थानी, संस्कृत, प्राकृत, उर्दू, फारसी आणि इंग्रजी अशा नऊ भाषा त्यांना अवगत होत्या.

१९२७ मध्ये विदर्भातील अलीपूर येथे रत्नऋषीजींचे देहावसान झाले. ऐन तारुण्यात गुरुछत्र हरपले. त्या वर्षीचा हिंगणघाटचा चातुर्मास त्यांनी गुरूविना केला. विचारायला आता कोणी नव्हते. शिकणे मात्र थांबले नाही.

परंतु स्वतःची विद्वत्ता एवढ्यापुरतेच हे कार्य राहिले असते, तर आज त्याची एवढी आठवण निघाली नसती. दि. २५ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांच्या प्रेरणेने श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाची स्थापना झाली. दादागुरू तिलोकऋषीजी आणि गुरू रत्नऋषीजी या दोघांची नावे त्यात गुंफली आहेत. आपल्या घराघरांत ते ‘पाथर्डी बोर्ड’ म्हणूनच परिचित आहे. प्रवेशिकेपासून विशारद, शास्त्री, आचार्य अशा चढत्या श्रेणीच्या परीक्षा. आणि परीक्षार्थी कोण? पाठशाळेतील मुलेमुली तर होतीच, पण गृहिणी, श्रावक आणि दीक्षित साधुसाध्वीही. ज्यांना समाज वंदन करतो त्यांनी प्रश्नपत्रिका हाती घ्यावी, ही कल्पना त्या काळात नवीच होती. संसाराच्या रगाड्यात ज्यांची अक्षरओळख मागे पडली, अशा स्त्रियांनाही वहीपेन्सिल हाती घेण्यास त्यामुळे एक प्रतिष्ठित निमित्त मिळाले. प्रौढ वयात शिकू पाहणाऱ्याला संकोच आडवा येतो, ज्ञानाचा अभाव नव्हे. बोर्डाने नेमका तो संकोच दूर केला.

नव्या वाटेने जाण्याची हीच तयारी १९५२ च्या सादडी संमेलनात दिसली. अनेक संप्रदायांनी आपापली पदे विसर्जित करून एकच श्रमण संघ उभारला. ऋषी संप्रदायाचे आचार्यपद भूषविलेल्या आनंदऋषीजींनी तेथे पूज्य श्री आत्मारामजींच्या नेतृत्वाखाली प्रधानमंत्री म्हणून काम स्वीकारले. पन्नाशी ओलांडल्यावर पदाने एक पायरी खाली येऊन नवी घडी बसविणे सोपे नसते. आत्मारामजींच्या पश्चात १९६४ मध्ये अजमेर येथे ते श्रमण संघाचे द्वितीय आचार्य झाले. त्यांची व्याख्याने ‘आनंद प्रवचन’ या ग्रंथमालेत संग्रहित झाली आहेत.

१९८७ मध्ये पुण्याच्या साधुसंमेलनात उत्तराधिकाऱ्यांची निवड करताना त्यांची दृष्टी विद्याव्यासंगावरच स्थिरावली. विपुल ग्रंथरचना करणारे श्री देवेंद्रमुनीजी उपाचार्य झाले आणि विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केलेले डॉ. शिवमुनीजी युवाचार्य. दि. २८ मार्च १९९२ रोजी अहमदनगर येथे पूज्यश्रींचे महाप्रयाण झाले. दहा वर्षांनी, दि. ९ ऑगस्ट २००२ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.