लॅन केबलमधल्या वायरी पिळलेल्या का असतात? ग्रॅहम बेल यांची गोष्ट

बेल म्हणजे टेलिफोन, एवढं आपण सगळेच शाळेत शिकलो. पण ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरचं नेट सारखं जात असेल, तर तिथेही याच माणसाची एक युक्ती कामाला येते.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ ला स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत झाला. वडील उच्चारशास्त्र शिकवायचे, आईला ऐकू कमी यायचं. दोन्ही भाऊ क्षयाने गेले, म्हणून १८७० मध्ये कुटुंब कॅनडाला गेलं. मग बोस्टनमध्ये बेल कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. पत्नी मेबल या त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनाही लहानपणापासून ऐकू येत नव्हतं.

७ मार्च १८७६ ला टेलिफोनचं पेटंट मिळालं. एलिशा ग्रे यांचे कागदही त्याच दिवशी दाखल झाले होते ज्या दिवशी बेल यांचा अर्ज गेला, त्यामुळे वाद खूप रंगला. १८८२ च्या जानेवारीत आपल्या मुंबईतही एक्स्चेंज सुरू झालं.

फोन लागायचा, पण लाइनवर खरखर फार. कारण तेव्हा तार एकच असायची आणि परतीचा करंट जमिनीतून जायचा. शेजारच्या तारायंत्राच्या लाइनचा आवाज त्यात घुसायचा. बेल यांनी दोन तारा घेऊन एकमेकींभोवती पिळल्या. बाहेरचा त्रास दोन्ही तारांना सारखाच होतो, आणि यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं, म्हणून त्रास वजा होतो. हे पेटंट १८८१ च्या जुलैचं. लॅन केबलमधल्या आठ वायरी म्हणजे अशाच चार जोड्या.

त्याच महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. बेल यांनी गोळी शोधायचं यंत्र बनवलं, पण गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, शिवाय गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या. यंत्राइतकंच आजूबाजूलाही बघावं लागतं, ते असं.

आमच्या कापड्यातल्या एका छोट्या ऑफिसात मला हेच दिसलं. कॉम्प्युटर जुना, नेट दर थोड्या वेळाने जायचं आणि कामासाठी वाडीवरून उतरलेली माणसं तशीच परत जायची. ड्रायव्हर ठीक, राउटरचा पोर्ट बदलून पाहिला, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले. मग कनेक्टरमधले रंग पाहिले. जोड्या सरळ १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा बसवल्या होत्या. खरं तर ३ आणि ६ ही एक जोडी हवी. इथे सिग्नल दोन वेगळ्या जोड्यांच्या वायरींवर विभागला गेला, म्हणजे पिळाचा फायदाच संपला. त्यात केबल लाइटच्या वायरीला चिकटून गेलेली. टेस्टर फक्त वायर जोडली आहे का ते सांगतो, जोडी बरोबर आहे का ते नाही.

दोन्ही टोकांना क्रम असा ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरजवळ पीळ गरजेपुरताच सोडा. तिथे एवढं केलं, केबल लाइटपासून लांब नेली आणि नेट टिकलं.

बेल यांची सगळीच मतं पटण्यासारखी नव्हती. कर्णबधिरांनी खुणांची भाषा सोडून बोलायला शिकावं, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याबद्दल त्यांच्यावर आजही टीका होते. २ ऑगस्ट १९२२ ला ते कॅनडात वारले. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले फोन एक मिनिट बंद ठेवले होते.