जिने त्याला व्यसनातून बाहेर काढलं, तिच्याच गोळीने जॅझचा हिरो गेला

गडी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. नाव ली मॉर्गन, जन्म १९३८ चा.

१८ व्या वर्षी तो थेट डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागला. १९५७ मध्ये जॉन कोलट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ अल्बमवर वाजवलं आणि पुढच्याच वर्षी आर्ट ब्लेकीच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये एन्ट्री. विशीतच पोरगं स्टार झालं.

पण तोवर हेरॉइनची लत लागली होती. १९६१ मध्ये बँड सुटला आणि गडी गप गुमान घरी परतला.

दोन वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला.

२१ डिसेंबर १९६३. न्यू जर्सीमधला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ. सोबतीला सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, पियानोवर बॅरी हॅरिस, बेसवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स. अल्बम होता ‘द साइडवाइंडर’. पाचही धून लीच्या स्वतःच्या.

त्या काळात जॅझ सामान्य माणसाला अवघड वाटायला लागला होता. त्यावर उतारा म्हणजे सोल जॅझ. ब्लूजची चाल, चर्चमधल्या गाण्यांचा रंग आणि पाय आपोआप हलेल असा ठेका. साइडवाइंडरची मुख्य धून तशीच होती. १० मिनिटांची असूनही लोकांनी डोक्यावर घेतली. अल्बम बिलबोर्डच्या यादीत २५ व्या नंबरपर्यंत गेला. क्रायस्लर गाड्यांच्या टीव्ही जाहिरातीतही ही धून वाजली.

मग ‘ब्लू नोट’ कंपनीला पुढच्या अल्बममध्येही तसाच ठेका हवा झाला. लीचं नाव झालं, पण लत काही सुटली नाही. एक वेळ अशी आली की थंडीत अंगावरचा कोटसुद्धा गहाण पडला.

तेव्हा त्याला हेलन भेटली, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. तिने कोट सोडवून आणला, खाऊपिऊ घातलं, उपचार करवले. त्याचे कार्यक्रमही तीच बघायला लागली. ली पुन्हा स्टेजवर आला. पुढे त्याच्या आयुष्यात दुसरी मुलगी आली आणि दोघांत खटके उडायला लागले.

१९ फेब्रुवारी १९७२ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ‘स्लग्ज’ क्लबमध्ये हेलनने त्याच्यावर गोळी झाडली. बाहेर बर्फ पडत होता, ॲम्ब्युलन्सला यायला उशीर झाला. रक्त जाऊन ली गेला. वय फक्त ३३.

शिक्षा भोगून हेलन नॉर्थ कॅरोलिनात परतली. १९९६ मध्ये, मरणाच्या महिनाभर आधी, तिने एका मुलाखतीत सगळं सांगितलं. तो आवाज २०१६ च्या ‘आय कॉल्ड हिम मॉर्गन’ या माहितीपटात ऐकायला मिळतो.

तो बघण्याआधी ‘साइडवाइंडर’ची ती १० मिनिटं नक्की ऐका.