सूरश्री केसरबाई केरकर : एक पुण्यस्मरण

गोमंतकातील देवालये ही केवळ पूजाअर्चेची स्थाने नव्हती, तर संगीताची विद्यापीठेही होती. पालखीपुढे, उत्सवाच्या रात्री सभामंडपात आणि चौकात येथील कलावंत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गायन-वादनाची सेवा केली. त्या सेवेला समाजाने पुरेसा मान दिला नाही, हे आज मान्य केले पाहिजे. मात्र त्याच परंपरेतून भारतीय संगीताला काही अलौकिक रत्ने लाभली. त्यांत सूरश्री केसरबाई केरकर यांचे नाव अग्रभागी येते.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी फोंडा तालुक्यातील केरी या गावी झाला. सांकवाळहून स्थलांतरित झालेल्या श्री विजयादुर्गा देवीचे देवस्थान याच गावी आहे. देवळातील कीर्तन-भजनाचे व गायनाचे संस्कार बालपणीच त्यांच्या कानांवर झाले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्या कोल्हापुरास गेल्या व तेथे काही महिने उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. गोव्यास परतल्यावर पं. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. पुढे मुंबईस स्थायिक झाल्यावर सतारवादक बरकतुल्ला खाँ व पं. भास्करबुवा बखले यांचेही मार्गदर्शन लाभले. परंतु गुरू एका जागी स्थिर राहत नसल्याने शिक्षणात वारंवार खंड पडत असे. विद्येची तहान काही भागत नव्हती.

१९२१ च्या सुमारास जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक गानसम्राट उस्ताद अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. तोवर केसरबाई मैफलीत गाणाऱ्या गायिका झाल्या होत्या. तरीही त्यांनी पूर्वीचे शिकलेले बाजूला ठेवले आणि नव्याने स्वरसाधनेस प्रारंभ केला. मिळालेले नाव विसरून पुन्हा विद्यार्थी होणे किती कठीण असते, हे साधकालाच कळेल. खाँसाहेबांची कडक तालीम आणि रोजचा कित्येक तासांचा रियाज हा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९४६ साली खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे गुरुशिष्य नाते अखंड राहिले. गोव्याच्याच कुर्डी गावच्या गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याही त्याच गुरूंच्या शिष्या, हा आपणा सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे.

खुला, भरदार व घुमारेदार आकार, दमदार श्वास आणि लयीशी गुंफलेली अखंड आलापी व तान ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये होती. संस्थानिकांच्या दरबारांपासून कलकत्त्याच्या संगीत परिषदांपर्यंत त्यांची कीर्ती पसरली. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यांच्या गायनाचा गौरव केला आणि कलकत्त्याच्या रसिकांकडून त्यांना ‘सूरश्री’ ही उपाधी प्राप्त झाली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली ‘पद्मभूषण’ आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून ‘राज्यगायिका’ हा सन्मान त्यांना मिळाला.

ज्यांच्या घरी जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आहे, त्यांना ललित, तोडी, मालकंस, दुर्गा, नट कामोद हे केसरबाईंचे राग ठाऊक असतील. लाखेच्या त्या काळ्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटे गाणे मावत असे. तासभर रंगणारा राग एवढ्या वेळात उभा करायचा, तोही घाई न जाणवू देता, हे त्यांनी साधले. मात्र आपले गाणे वाटेल तेथे वाजावे, हे त्यांना रुचत नसे. त्यामुळे त्यांनी पुढे ध्वनिमुद्रण व आकाशवाणी यांपासून दूर राहणेच पसंत केले. आवाज शाबूत असतानाच, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनी जाहीर मैफलीही थांबविल्या. विद्यादानातही त्या अत्यंत चोखंदळ होत्या. त्यांची विद्या प्रामुख्याने धोंडूताई कुलकर्णी यांना लाभली, व धोंडूताईंनी ती २०१४ साली देह ठेवीपर्यंत निष्ठेने जपली.

काहींना हा कलेचा कृपणपणा वाटला. परंतु देवापुढे केलेली गानसेवा त्या क्षणीच अर्पण होते, ती साठवून ठेवायची नसते, असा संस्कार ज्या भूमीत रुजला तेथील ही कलावती होती, हेही ध्यानी घ्यावे. त्यांचा निर्णय आपण आदराने स्वीकारतो. तरीही जे थोडे मागे उरले त्याचे मोल त्यामुळेच शतपट वाढले आहे.

या उरलेल्या स्वरांपैकी एकाचे भाग्य तर विलक्षण. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी प्रत्येक यानावर बसविली होती. तीत जगभरच्या संगीताबरोबर भारताचे म्हणून केसरबाईंचे भैरवीतील गायन निवडले गेले. दुसरे यान ५ सप्टेंबर रोजी निघाले आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंनी इहलोकीचा निरोप घेतला. आज ती दोन्ही याने सौरवाऱ्याचे क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात प्रवास करीत आहेत. केरी गावच्या कन्येचा स्वर त्यांच्यासोबत आहे.

मात्र केसरबाईंच्या आधी या देवळांतून ज्यांनी आयुष्यभर गायिले, त्यांचा एकही स्वर आज आपल्यापाशी नाही. कित्येकींची नावेही उरलेली नाहीत. ही हानी भरून येणारी नाही. पुढची तरी टाळता येईल. आपल्या माळ्यावर, जुन्या पेटीत ध्वनिमुद्रिका किंवा उत्सवातील कार्यक्रमांच्या ध्वनिफिती असतील, तर भक्तजनांनी त्या टाकून देऊ नयेत. ओल व धूळ यांपासून जपाव्यात, तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि जाणकारांकडून त्यांची संगणकीय प्रत करून घ्यावी. आपल्या पूर्वजांनी संकटकाळी देवांच्या मूर्ती जिवापाड जपून या भूमीत आणल्या. त्यांचे वारस म्हणून देवापुढे गायिलेले स्वर जपणे एवढे तरी आपल्या हातून घडावे.

सूरश्री केसरबाई केरकर यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.